स्वारगेट ते येरवडा: एका भिंतीच्या आतलं पुणं

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजचा भाग थोडा लांब आहे आणि मध्येच बस आली तर अर्धवट राहील. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, नेहमीसारखं, बोललेलं सगळं खाली लिहून ठेवलंय. बोलताना मी जिथे अडखळलो ते तेवढं काढून टाकलंय.

एक प्रयोग करून बघा. स्वारगेटला जेधे चौकात उभे राहा आणि कोणालाही विचारा, "काका, येरवड्याला कसं जायचं?" काका आधी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतील, मग हसतील आणि मगच रस्ता सांगतील. पुण्यात 'येरवडा' हा फक्त पत्ता नाहीये, तो विनोद आहे. डोकं फिरलं तरी येरवडा, कायदा मोडला तरी येरवडा. मनोरुग्णालय आणि जेल दोन्ही एकाच भागात असल्यामुळे शहराने स्वतःच्या दोन्ही भीत्या नदीपलीकडे ठेवून दिल्या आणि वर त्यावर हसायलाही शिकलं.

तर आता रस्ता सांगतो. स्वारगेटच्या जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनमध्ये उतरा. मंडई, कसबा पेठ आणि मग जिल्हा न्यायालय. तिथे गाडी बदलायची आणि रामवाडीच्या दिशेने जायचं. रेल्वे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन, आणि नदी ओलांडली की येरवडा. मी गेल्या आठवड्यात असाच गेलो. गंमत बघा, जेलच्या रस्त्यावर गाडी बदलायची जागा कुठली, तर कोर्ट! मेट्रोवाल्यांनी हे मुद्दाम केलं नसणार, पण दीडशे वर्षं येरवड्याचा रस्ता कोर्टातूनच जातोय.

आणि कोर्टातून न जाताही काही लोक तिथे पोहोचलेत, पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

आधी ही वास्तू तिथे आली कशी ते बघू. पेशवाईत आजच्यासारखे जेल नव्हते. राजकैदी असोत की गुन्हेगार, त्यांना डोंगरी किल्ल्यांवर नेऊन टाकायचे. शिक्षा म्हणजे दंड, मारहाण, अवयव तोडणं, किंवा किल्ल्यावर डांबणं. 'तीन वर्षं सक्तमजुरी' असा हिशेबी प्रकार, म्हणजे माणसाच्या आयुष्यातले इतके दिवस मोजून काढून घ्यायचे, हा इंग्रजांबरोबर आला. मग त्यासाठी इमारत लागली. १८६०च्या दशकात येरवड्याचं काम सुरू झालं आणि १८७१ पासून ते जेल म्हणून उभं आहे. तेव्हा हा सगळा भाग गावाबाहेर होता. मधे मुळा-मुठा नदी, आणि तिच्यावर १८६९ साली नुकताच झालेला फिट्झगेराल्ड पूल, म्हणजे आपला सिंहांचे पुतळे असलेला बंडगार्डनचा जुना पूल. अलीकडे साहेबाची छावणी, पलीकडे साहेबाचे कैदी. आज जेलची जमीन पाचशे एकरांच्या वर आहे आणि शहर तिच्या चारही बाजूंनी वाढलंय. आयटी कंपन्या, मॉल, विमानतळाचा रस्ता, आणि मधोमध दगडी भिंत.

बराक, यार्ड, सर्कल, अंडा सेल हे शब्द तुम्ही वेब सिरीजमधून ऐकले असतीलच. जेलची रचना सांगत बसलो तर तुम्ही भाग पुढे ढकलाल, म्हणून थेट गोष्टीकडे येतो.

साल १८९७. पुण्यात प्लेग. लोक पटापट मरतायत. याच साथीत, १० मार्च १८९७ ला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारने त्या वर्षी साथरोगांचा एक नवा कायदा केला. तो कायदा तुम्ही स्वतः अनुभवलाय बरं का. २०२० मध्ये कोविडच्या वेळी जो १८९७ चा कायदा लावला, तो हाच! पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आला, आणि त्याने घरं तपासायला गोरे सोल्जर घातले. घरात घुसायचं, माणसं बाहेर काढायची, बायकांना रस्त्यात तपासायचं, सामान जाळायचं, रोगी उचलून इस्पितळात न्यायचे. रोग खरा होता, उपाय करणंही भाग होतं, हे मान्य. पण ज्या घरात सोल्जर बुटासकट देवघरापर्यंत गेला, त्या घराला हे कोण समजावणार?

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं. गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आज पुणे विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे तिथे, जंगी मेजवानी. रात्री पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. रस्त्यात दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि भाऊ बाळकृष्णाने मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला. हे चापेकर चिंचवडचे, वडील हरिभाऊ कीर्तनकार. म्हणजे कीर्तनात वडिलांच्या मागे उभं राहून साथ करणारी ही मुलं.

पुढचं येरवड्यात घडलं. दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्याआधी कैदेत असताना त्यांनी आपलं आत्मवृत्त लिहून काढलं. योगायोग असा की त्याच वेळी लोकमान्य टिळकही येरवड्यात होते. 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल त्यांना सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली होती. टिळकांनी दिलेली गीता हातात घेऊन दामोदर फासावर गेले, असं पुण्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात. टिळक स्वतः ६ सप्टेंबर १८९८ ला, मुदतीआधी सुटले. त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांमध्ये ऋग्वेदाचे पंडित मॅक्स म्युलरही होते, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

इकडे धाकटा भाऊ वासुदेव बाहेर होता. दामोदरांची माहिती पोलिसांना देणारे द्रविड बंधू. वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. मग तेही हाती लागले. आता तारखा ऐका. ८ मे १८९९, वासुदेव. १० मे, रानडे. १२ मे, बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन फाशा, सगळ्या येरवड्यात. एका घरातली तिन्ही मुलं तेरा महिन्यांच्या आत संपली.

मी हा भाग लिहीत होतो तेव्हा घरी आजीला विचारलं, तुला काय आठवतं चापेकरांबद्दल? ती म्हणाली, "मला त्यांच्या आईचं वाटतं रे." एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. इतिहासाच्या पुस्तकात चापेकरांच्या आईला आणि बायकांना जागा जवळजवळ नाही.

आता वीस-पंचवीस वर्षं पुढे. १९२२. महात्मा गांधींना अहमदाबादच्या कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना येरवड्याला आणलं. इथून पुढे गांधी आणि येरवडा ही जोडीच जमली. १९२२ ते २४, मग मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० ते ३१, मग १९३२ ते ३३. गांधी या जागेला 'येरवडा मंदिर' म्हणायचे आणि पत्रांवर पत्ताही तोच घालायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी इथेच सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली. १९३० मध्ये आश्रमातल्या लोकांना दर मंगळवारी सकाळी एक पत्र लिहायचे, त्याचंच पुढे 'मंगलप्रभात' हे पुस्तक झालं. पेटीत मिटून प्रवासात नेता येणारा चरखा त्यांनी इथे सुधारला, त्याला 'येरवडा चक्र' नाव पडलं.

याच काळातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९२३ च्या अखेरीस येरवड्याच्या त्याच भिंतींच्या आत विनायक दामोदर सावरकरही होते. अंदमान, मग रत्नागिरी, मग येरवडा. ६ जानेवारी १९२४ ला ते अटींवर सुटले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जानेवारीला, गांधींना अपेंडिसाइटिसमुळे रात्री ससून हॉस्पिटलमध्ये हलवून कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. ससूनमध्ये ती खोली आजही जपलेली आहे. आज सोशल मीडियावर या दोन नावांवरून जी हाणामारी चालते, ती बघितली की मला ते १९२३ चं येरवडा आठवतं. दोघांचं जेवण त्याच जेलमधून येत होतं.

१९३२ मध्ये गांधींसोबत सरदार पटेल होते. सेक्रेटरी महादेवभाई देसाईही थोड्या दिवसांनी आले. महादेवभाईंची डायरी वाचली तर एक वेगळेच वल्लभभाई भेटतात. ते सतत चेष्टा करतायत, संस्कृत शिकायला बसलेत, गांधींसाठी दातवण कुटून देतायत आणि रद्दी कागदाची पाकिटं बनवतायत. गांधींची पत्रं एवढी जायची की पाकिटं पुरायची नाहीत.

हे वाचताना मला हटकून संजय दत्त आठवतो. हसू नका. 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये ज्याला गांधी दिसायचे, तो माणूस पुढे गांधींच्याच जेलमध्ये कागदी पिशव्या बनवत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटला तेव्हा कमाईचे ४४० रुपये घेऊन बाहेर आला, असं त्यानेच सांगितलंय. येरवड्यात कागद दुमडायची परंपरा जुनी आहे एवढंच म्हणतो.

बरं. आता आजचा खरा विषय. इथे थोडं थांबायचंय.

शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते: २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. एका मार्काला येते. त्या एका ओळीत काय काय कोंबलंय ते उलगडू.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. म्हणजे काय? नीट ऐका, कारण सगळा वाद या एका मुद्द्यावर आहे. त्या मतदारसंघात उमेदवारही अस्पृश्य समाजाचा आणि मतदारही फक्त त्याच समाजाचे. शिवाय त्या मतदाराला सर्वसाधारण मतदारसंघातही मत. म्हणजे दोन मतं. प्रांतांच्या कायदेमंडळांत अशा ७१ जागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या गोलमेज परिषदेत ज्या गोष्टीसाठी भांडले होते, ती हातात आली होती.

गांधींचा याला विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. गोलमेज परिषदेतच ते म्हणाले होते की याला मी प्राणपणाने विरोध करीन. त्यांच्या मते स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे गावातली फूट कायदेशीर करून टाकणं. अस्पृश्यता हे हिंदूंचं पाप आहे आणि ते हिंदूंनीच धुवायचं, ही त्यांची भूमिका. निवाडा जाहीर झाल्यावर त्यांनी मॅकडोनाल्डना कळवलं आणि २० सप्टेंबरला दुपारी येरवड्यात आमरण उपोषण सुरू केलं.

आता बाबासाहेबांच्या जागी उभे राहा. वय एकेचाळीस. आयुष्यभराच्या कामातून एक हक्क मिळालाय. आणि देशातला सगळ्यात लोकप्रिय माणूस तो हक्क रद्द व्हावा म्हणून अन्न सोडून बसलाय. तो मेला तर? तर दोष कोणावर येणार आणि त्याची किंमत कुठे वसूल होणार? गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये. ज्यांच्याकडे पोलीस नाहीत, बंदुका नाहीत, विहीरसुद्धा स्वतःची नाही, त्यांच्यावर. 'वाटाघाटी' हा शब्द आपण सहज वापरतो, पण एका बाजूला खाटेवर मरणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला हजारो वस्त्या असताना टेबलावरच्या दोन खुर्च्या सारख्या उंचीच्या नसतात.

२२ सप्टेंबरला बाबासाहेब येरवड्यात गांधींना भेटले. जेलच्या आवारात एका आंब्याच्या झाडाखाली गांधींची खाट होती. पुढचे दोन दिवस बाहेर शहरात आणि आत झाडाखाली घासाघीस चालली. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, पण फुकट सोडले नाहीत. ७१ च्या जागी १४८ राखीव जागा. केंद्रीय कायदेमंडळात सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के राखीव. नोकऱ्यांत आणि स्थानिक संस्थांत योग्य प्रतिनिधित्व, शिक्षणासाठी पैसा. आणि एक कलम असं, की राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून सगळ्यांनी एक. २४ तारखेला संध्याकाळी सह्या झाल्या. सवर्णांच्या वतीने पंडित मदनमोहन मालवीय, अस्पृश्य समाजाच्या वतीने बाबासाहेब. २६ ला ब्रिटिश सरकारने मान्यता कळवली आणि रवींद्रनाथ टागोरांच्या उपस्थितीत, कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन गांधींनी उपोषण सोडलं.

सह्या करणाऱ्यांची यादी मी पूर्ण वाचली तेव्हा दोन नावांवर अडकलो. दोन्ही आपल्या पुण्याच्या जवळची आहेत.

पहिलं नाव, पी. बाळू. म्हणजे पालवणकर बाळू. क्रिकेटवाल्यांनो, कान द्या! हा माणूस भारताचा पहिला मोठा डावखुरा फिरकीपटू. चर्मकार समाजातला. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडायला, नेट लावायला होता. सराव द्यायला इंग्रज कॅप्टनला बॉल टाकता टाकता असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू संघाला त्याला घ्यावंच लागलं. मैदानात त्याने काढलेल्या विकेट चालायच्या, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराच्या वर विकेट काढल्या. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं होतं ती १९९६ ची मॅच तुमच्या बाबांना आठवत असेल, पण पुण्याच्या क्रिकेटची गोष्ट खरं म्हणजे या झाडूवाल्या पोरापासून सुरू करायला हवी. हा बाळू १९३२ मध्ये तडजोडीच्या बाजूने होता. आणि पाच वर्षांनी, १९३७ च्या निवडणुकीत, काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं ते यालाच. बाळू हरला.

दुसरं नाव, पां. ना. राजभोज. स्वारगेटवरून पश्चिमेकडे मान वळवली की पर्वती दिसते. १३ ऑक्टोबर १९२९ ला त्या पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, राजभोज, सोबत काही सवर्ण तरुणही. वरून काय आलं? दगड. सत्याग्रहींना मार बसला, मंदिर उघडलं नाही. म्हणजे येरवड्यात जेव्हा 'हिंदू समाज स्वतःहून सुधारेल' असं सांगितलं जात होतं, तेव्हा सही करणाऱ्यांपैकी एकाला पर्वतीच्या पायऱ्यांवर झालेली दगडफेक तीन वर्षं जुनी होती. हेच राजभोज पुढे बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेले.

कोण जिंकलं? मला हा प्रश्न दर वेळी विचारतात, कमेंटमध्येही येणार. बाबासाहेबांनी करारानंतर लगेच समंजसपणे बोलून तो स्वीकारला, हे खरं. पण १९४५ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि गांधींवर जे पुस्तक लिहिलं त्यात याच करारावर आणि उपोषणावर कडक टीका आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. जागा राखीव असली तरी मतदारांत बहुसंख्य इतर असतील, तर निवडून येणारा माणूस त्यांच्याकडेच बघून चालेल, ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांच्याकडे नाही. दुसऱ्या बाजूला, गांधींना मानणारे म्हणतात की या उपोषणाने सवर्ण घरांत पहिल्यांदा लाज शिरली. त्या आठवड्यात देशभर मंदिरं, विहिरी उघडल्याच्या बातम्या आल्या. पुढे १९३३ मध्ये 'हरिजन' साप्ताहिक पुण्यातूनच निघालं, तेही गांधी येरवड्यात असताना.

माझं मत विचाराल तर, जागा दुप्पट झाल्या हे आकड्यात बरोबर आहे, पण जबरदस्ती झाली हेही बरोबर आहे. दोन्ही एकत्र खरं असू शकतं. मला खटकतं ते वेगळंच. त्या झाडाला लोक 'गांधींचा आंबा' म्हणतात. त्याखाली बसून ज्याने जास्त मोठी गोष्ट सोडली, त्याचं नाव झाडाला लागलं नाही.

आणि हा करार जुना इतिहास आहे असं समजू नका. स्वारगेटच्या शेजारचा पुणे कॅन्टोन्मेंट विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे तुमचा एखादा मित्र पहिल्यांदा मतदान करायला जाईल तेव्हा उमेदवार राखीव प्रवर्गाचा असेल आणि मत मात्र सगळेच देतील. ही रचना कुठून आली? त्या आंब्याखालून. फक्त चार उमेदवार आधी निवडण्याचं ते कलम तेवढं मागे पडलं.

स्वातंत्र्यानंतरचं येरवडा मी भरभर सांगतो, कारण ते अजून चालू आहे. मगाशी म्हटलं ना, काही लोक कोर्टातून न जाताही इथे येतात. १९७५ ची आणीबाणी. खटला नाही, आरोपपत्र नाही, मिसाखाली थेट आत. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते आणि समाजवादी प्रमिला दंडवतेही इथेच. प्रमिलाताईंचे पती मधू दंडवते बंगळुरूच्या जेलमध्ये. दोघं एकमेकांना पत्रं लिहायची, एका जेलमधून दुसऱ्या जेलमध्ये. बाहेर ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं अशा विचारांची माणसं आत एकाच आवारात होती. मग २१ नोव्हेंबर २०१२ ची सकाळ, मुंबई हल्ल्यातला कसाब. गुपचूप आणला, साडेसातला फाशी, आवारातच दफन. चापेकर आणि कसाब हे एका वाक्यात यावेत असं मला वाटत नव्हतं, पण भिंत तीच आहे. आणि भिंत निवड करत नाही.

२६ जानेवारी २०२१ ला राज्य सरकारने इथून 'जेल पर्यटन' सुरू केलं. शाळेच्या मुलांना ५ रुपये, कॉलेजवाल्यांना १०, बाकीच्यांना ५०. गांधी, टिळक, नेहरू यांच्याशी जोडलेल्या जागा, आंब्याचं झाड, फाशी यार्ड. जायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते, उठून थेट गेटवर जाऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे रील बनणार नाही. मला विचाराल तर हीच तिकिटाची खरी किंमत आहे.

पण गोवेकरांनी आग्वादचा जेल रिकामा करून त्याचं संग्रहालय केलं, अंदमानचं सेल्युलर जेल स्मारक झालं, तसं येरवड्याचं नाही. हे जेल भरलेलं आहे. क्षमतेच्या कितीतरी जास्त माणसं इथे राहतात. आणि आपल्या देशातल्या जेलांमध्ये दर चार माणसांतली साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. आपण ५० रुपयांचं तिकीट काढून इतिहास बघायला जातो त्याच्या पलीकडच्या यार्डात एखादा पोरगा जामिनाची रक्कम भरायला कोणी नाही म्हणून बसलेला असतो.

मी आत गेलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. या वेळी फक्त बाहेरून भिंतीच्या कडेने चाललो. मुलाखतीची वेळ होती. जेलमध्ये 'मुलाखत' म्हणजे नोकरीची नाही हं, घरच्यांनी येऊन भेटायची. फाटकाजवळ बायका बसल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. पिशवीत कपडे, चप्पल. एक मावशी आधार कार्डाची झेरॉक्स शोधत होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, बघ रे, यावर नंबर नीट दिसतोय का?" दिसत होता. कुठून आलात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, गावाकडून, पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरले. मेट्रोने आलात का? तर म्हणाल्या, "ते वर-खाली जिने कोण चढणार, रिक्षाने आले. रिक्षावाल्याला येरवडा म्हटलं तर हसला मेला."

एवढ्यात आतून नाव पुकारलं आणि त्या उठून गेल्या.

पुढचा भाग पर्वतीच्या १९२९ च्या सत्याग्रहावर करतोय. तुमच्या घरात कोणाला त्याबद्दल ऐकीव काही माहीत असेल, आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेलं, तर मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. लिहायचा कंटाळा करू नका असं म्हणणार नाही, बोला फक्त. भेटू.